'आधी धीट होतो, मग बोलतो' असं म्हणून थांबू नकोस

पत्राचा सारांश : "ताई, मी वीस वर्षांचा आहे. बागलाणातल्या एका गावाहून नाशिकला इंजिनिअरिंगला आलो. गंगापूर रोडला तीन मुलांबरोबर खोली करून राहतो. पहिल्या वर्षी वर्गासमोर ओळख करून देताना माझा गावाकडचा हेल ऐकून सगळे हसले. तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की छाती धडधडते, घाम फुटतो, आवाज कापतो. मागच्या सत्रात याच भीतीनं एक तोंडी परीक्षा बुडवली. वर्गातल्या एका मुलीशी सहा महिने व्हॉट्सॲपवर रोज बोलतो, तिथं मला सगळं सुचतं. पण कॉलेजात ती समोरून येताना दिसली की मी पार्किंगच्या बाजूच्या जिन्यानं निघून जातो. परवा तिनं विचारलं, 'तुला माझ्याशी बोलायची लाज वाटते का?' मी 'तसं काही नाही' लिहिलं आणि तेव्हापासून तिचे मेसेज उघडलेलेच नाहीत. वडील म्हणतात, पोरगं मुखदुर्बळ आहे. आईनं सप्तशृंगीला नवस बोललाय. मी ठरवलंय की वर्षभर कुणात मिसळायचं नाही, आधी आत्मविश्वास कमवायचा, मग तिच्याशी बोलायचं. बरोबर आहे ना? की मला काही आजार आहे?"

प्रिय मित्रा,

तुझा वर्षभराचा बेत मला अजिबात पटलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तू तो उद्यापासून अमलात आणशील अशी मला काळजी वाटते. खोलीत बसून, आरशासमोर बोलून, मोबाइलवर प्रेरणादायी भाषणं ऐकून माणसांची भीती जात नाही. ती माणसांतच जाते, हळूहळू आणि घाम पुसत पुसत. वर्षभरानं तू बाहेर येशील तेव्हा भीती होती तेवढीच असेल, आणि बोलायची जी थोडीफार सवय आज आहे तीही गेलेली असेल.

तू जिन्याकडे वळतोस तेव्हा काय होतं ते जरा सावकाश बघू. ती लांबून दिसते, धडधड सुरू होते, तू वळतोस, चार पायऱ्या उतरतोस आणि एकदम हायसं वाटतं. ते हायसं वाटणंच तुझा घात करतंय. त्यातून मेंदू शिकतो की संकट खरंच होतं आणि जिना होता म्हणून वाचलो. मग पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते, ती दिसायच्याही आधी, वर्गाच्या दारातच. तू जागेवर उभा राहिला असतास तर धडधड आणखी वाढली असती, हे खरं आहे. पण थोड्या वेळानं ती आपोआप उतरू लागली असती, कारण शरीर तेवढ्या वेगानं फार वेळ धावत राहूच शकत नाही. हे उतरणं तू कधी अनुभवलेलंच नाहीस. त्याच्या आधीच तू पार्किंगमध्ये पोचलेला असतोस.

तुझ्या मोठ्या पत्रात तू दोन गोष्टी ओघात लिहिल्यास. एक म्हणजे, घाम दिसू नये म्हणून एप्रिलच्या उन्हातही तू वर्गात जॅकेट घालून बसतोस. दुसरी, कुणी बोलायला येऊ नये म्हणून कानात इयरफोन असतात आणि त्यात गाणं लावलेलं नसतं. अगदी हेच वागणं डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीबद्दल, म्हणजे चारचौघांत वाटणाऱ्या भीतीबद्दल, मांडणी केली तेव्हा तिच्या मध्यावर ठेवलं होतं. भीती लपवायला माणूस जे उपाय करतो तेच भीतीला पोसतात. जॅकेटमुळे घाम जास्त येतो. आवाज कापू नये म्हणून तू हळू बोलतोस, मग समोरचा 'काय?' म्हणून पुढे वाकतो आणि सगळं लक्ष तुझ्यावरच येतं. काय बोलायचं ते मनात घोकत बसतोस, तेवढ्यात समोरचा काय म्हणाला ते ऐकायचं राहून जातं.

क्लार्क आणि वेल्स यांचं दुसरं म्हणणं मला याहून महत्त्वाचं वाटतं. अशा वेळी माणसाचं सगळं लक्ष आत वळतं. आपले कान तापले का, हात थरथरतात का, चेहरा कसा दिसतोय, हे तो आतून तपासत राहतो आणि जे आत जाणवतं तेच बाहेर दिसतंय असं धरून चालतो. प्रत्यक्षात बाहेर त्यातलं फारच थोडं दिसतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवायचे. त्या वयाच्या मुलांना तो टी-शर्ट घालायची लाज वाटायची. टी-शर्ट घालणाऱ्यांना वाटलं, खोलीतल्या जवळजवळ निम्म्या जणांनी चित्र ओळखलं असणार. प्रत्यक्षात साधारण चौथा हिस्सा मुलांच्याच ते लक्षात आलं होतं. तुझा घाम, तुझा कापरा आवाज, तुझा हेल यांचंही असंच आहे. ज्याला त्याला आपापल्या टी-शर्टची पडलेली असते.

आता त्या मुलीकडे येते, कारण तुझं खरं पत्र तिच्याबद्दलच आहे.

तिच्या बाजूनं हे सहा महिने कसे गेले असतील याचा विचार कर. रात्री एक मुलगा तिच्याशी तिच्या आजीबद्दल बोलतो, स्वतःच्या कांद्याच्या चाळीबद्दल सांगतो, ती हसेल असं लिहितो. सकाळी तोच मुलगा तिला पाहून पाठ फिरवतो. तुझी धडधड तिला दिसलेली नाही. तिला फक्त पाठ दिसली, आणि ती रोज दिसली. 'लाज वाटते का' हा तिचा प्रश्न म्हणजे टोमणा आहे असं तू धरलंस. मला तो दुखावलेल्या माणसाचा साधा प्रश्न वाटतो. मित्रांसमोर आपल्याशी बोलणं याला कमीपणाचं वाटतं की काय, असं तिला वाटलं असणार. अशी भीती असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत हे फार वेळा घडतं. ते आतून घाबरलेले असतात आणि बाहेरच्यांना ते शिष्ट वाटतात, 'भाव खातो' म्हणतात त्यांना. मग लोक लांब राहतात आणि घाबरलेल्याला वाटतं, बघा, मी कुणाला आवडतच नाही.

म्हणून आजच्या आज तिचे मेसेज उघड आणि तिला खरं सांग. लिहूनच सांग, लिहिणं तुला जमतं. फार मोठं लिहू नकोस. "मी कॉलेजात तुला टाळतो, त्याचं कारण तू नाहीस. समोर कुणी असलं की मला घाम फुटतो आणि बोलताच येत नाही, सगळ्यांशीच असं होतं. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. तुला वाईट वाटलं, त्याबद्दल सॉरी." एवढं पुरे. 'मी फालतू मुलगा आहे, तू माझा नाद सोड' असलं काही त्यात घालू नकोस. तसं लिहिलंस की तुझी समजूत घालायचं ओझं तिच्यावर पडतं, आणि दुखावलेली तर ती आहे.

ती हो म्हणाली तर भेट ठरव, पण कॅफेत समोरासमोर खुर्च्या टाकून बसू नकोस. ती तुझ्यासाठी सगळ्यात अवघड जागा आहे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर संध्याकाळी दोन फेऱ्या मारा. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, मध्येच गप्प झालात तरी विचित्र वाटत नाही, आणि आसपास माणसंही असतात. अर्धा तास आधीच ठरवून घ्या, म्हणजे कधी संपणार याची धाकधूक राहणार नाही. ती नाही म्हणाली, किंवा उत्तरच आलं नाही, तर तो तिचा हक्क आहे. एकदा खरं सांगून झाल्यावर पुन्हा पुन्हा मेसेज करायचे नाहीत. आणि ती थांबली, तुझं ऐकून घेतलं, तर त्याला लगेच प्रेमाचा होकार समजू नकोस. तिनं तुझी चांगली मैत्रीण असणं आणि तिनं तुझं औषध बनणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी तिच्यावर लादू नकोस.

हे मी कळकळीनं लिहितेय, कारण भीती असलेली मुलं बऱ्याचदा सगळी माणसं सोडून एकाच माणसाला धरतात. मग ते नातं श्वास घेऊ शकत नाही. तुझ्या खोलीत तीन मुलं आहेत आणि त्यांच्याबद्दल पत्रात फक्त दोन ओळी आहेत. पण त्या दोन ओळींतलं एक दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही. रविवारी सकाळी ती मिसळ खायला निघतात, दारात चपला घालता घालता एकजण विचारतो, 'येतो का रे?' आणि तू डोक्यावर चादर ओढून झोपल्याचं सोंग करतोस. दीड वर्षानंतरही ते तुला विचारतात हे तुझ्या लक्षात आलंय का? नको असलेल्या माणसाला दर रविवारी कुणी विचारत नाही रे.

याबद्दल एक संशोधन तुला सांगायलाच हवं. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की अनोळखी माणसांशी गप्पा मारून झाल्यावर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज लोक सहसा कमीच बांधतात. दोघांनाही वाटतं, मला तो आवडला पण त्याला मी तितका आवडलो नसेन. पहिल्या वर्षाच्या, एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांतही हा गैरसमज कित्येक महिने टिकून होता. म्हणजे हा गैरसमज एकट्या तुझा नाही. इतर मुलं तो मनात ठेवूनही मिसळ खायला जातात, एवढाच फरक.

तर येत्या रविवारी जा. कडेला बस. मिसळ खाताना कुणी फार बोलत नाही, तोंडात पाव आणि नाकाडोळ्यांतून पाणी. तुला विनोद करायचा नाही, कुणावर छाप पाडायची नाही. तुझं काम एकच, लक्ष बाहेर ठेवायचं. कोण काय बोलतंय, कुणाचा रस्सा जास्त तिखट निघाला, शेजारच्या टेबलवर कोण आहे. लक्ष पुन्हा स्वतःच्या घामाकडे गेलं की शांतपणे परत बाहेर आणायचं. निघण्याआधी मोबाइलमध्ये लिहून ठेव की तुला काय होण्याची भीती वाटतेय, 'सगळे माझ्याकडे बघतील' किंवा 'मी गप्प बसलो म्हणून हसतील'. परत आल्यावर त्याच्याखाली प्रत्यक्षात काय झालं तेवढं लिही. मात्र रात्री अंथरुणात पडल्या पडल्या झालेल्या प्रसंगाची चिरफाड करत बसायचं नाही, तो धंदा तू फार करतोस.

याच रीतीनं रोजच्या बारीकसारीक गोष्टी घे. सिटीलिंकच्या बसमध्ये पैसे पुढे करून गप्प बसतोस ना, त्याऐवजी कंडक्टरला स्टॉपचं नाव मोठ्यानं सांग. टपरीवर चहा दुसऱ्याला सांगायला लावतोस, तो स्वतः सांग. जॅकेट खोलीवर ठेवून एक तास बस. प्रयोगशाळेत शेजारच्याला एक प्रश्न विचार, उत्तर ठाऊक असलं तरी. एकाच गोष्टीचा पुष्कळदा सराव कर, कंटाळा येईपर्यंत, आणि मगच पुढची घे. एखाद्या दिवशी जमणार नाही. दुसऱ्या दिवशी परत तिथूनच सुरू करायचं.

'बोलायच्या आधी एक बिअर मारली की मस्त मोकळं होतं' असं सांगणारा एखादा मित्र या वयात भेटतोच. त्याचं ऐकू नकोस. सामाजिक भीतीतून दारूकडे वळलेली माणसं खूप असतात, आणि दारूनं आलेला धीटपणा दुसऱ्या दिवशी उरत नाही, दारूची गरज मात्र उरते.

तुझ्या हेलाबद्दल. सटाणा-कळवणच्या बाजूची पोरं नाशिकला येतात ती अहिराणीचा हेल घेऊनच येतात, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीही नाही. त्या दिवशी वर्गात जे झालं त्याची जबाबदारी तुझी नव्हती. हे सदर वाचणाऱ्या प्राध्यापकांना मी हात जोडून सांगते, पहिल्याच दिवशी अठरा वर्षांच्या पोरांना साठ जणांसमोर उभं करून इंग्रजीत ओळख करून द्यायला लावू नका. लावलीत आणि वर्ग हसला, तर तिथल्या तिथं थांबवा. 'शेजारच्याची ओळख करून घ्या आणि दोघं मिळून सांगा' असं मुलांना म्हणा, एवढा बदल केला तरी किती मुलं वाचतील. आईवडिलांनाही सांगणं आहे. पाहुण्यांसमोर 'आमचा मुखदुर्बळ आहे हो' म्हणताना तुमच्या मनात काही वाईट नसतं, पण मूल तेव्हा तिथंच उभं असतं आणि ऐकत असतं.

आता आजाराचं. लाजाळूपणा हा स्वभाव आहे, त्याला उपचार लागत नाही. लाजाळू माणूस सुरुवातीला बुजतो, मग रुळतो. पण भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली, तिच्यामुळे शिक्षण, मैत्री, रोजचे व्यवहार अडायला लागले, तर मानसोपचारात तिला सामाजिक भीतीचा विकार म्हणतात. १९८० पासून तिला वैद्यकीय वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे. बहुतेकांत ती किशोरवयात किंवा विशीच्या आतच सुरू होते. या वयात असं का, यालाही कारण आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये लिहिलं होतं की किशोरवयात मुलांना सतत एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग आपल्याकडे बघतोय असं वाटत असतं. बहुतेकांचा तो पुढे पांगतो, काहींचा ठाण मांडून बसतो. पत्रावरून निदान करणं योग्य नाही, पण तू परीक्षा बुडवलीस, आणि दीड वर्ष झालं. तुला मदत घेण्याची गरज आहे, एवढं मी नक्की सांगू शकते.

या भीतीवर विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती आहे, सीबीटी, आणि ती या विकारात चांगली लागू पडते. साधारण आठवड्याला एक भेट, असे तीन-चार महिने. वर मी सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी तिच्यातल्याच आहेत, फरक इतकाच की तिथं कुणीतरी तुझ्या सोबत असेल. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि ते मनानं बंद करायचं नसतं. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं खर्चाची चिंता नको. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. फोन करायची भीती वाटते हे तू लिहिलंयस, म्हणून पहिली दोन वाक्यं कागदावर लिहून समोर ठेव आणि ती वाच. घरी किंवा कॉलेजात कळेल याची धास्ती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका असण्यासारखे काही मोजकेच अपवाद त्याला आहेत.

आईचा नवस राहू दे. ती तुझ्यासाठी तिला सुचेल ते करतेय. गडावर तिच्याबरोबर जा आणि डॉक्टरकडेही जा. तिला घाम, धडधड, बुडवलेली परीक्षा हे सगळं सांगितलंस तर ती वडिलांपर्यंत नीट पोचवेल असं तुझ्या पत्रावरून मला वाटतं.

'आधी स्वतः नीट होतो, मग नाती' हा तुझा विचार तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलांच्या पत्रांत असतो, म्हणून जाता जाता एक गोष्ट. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये म्हटलं होतं की कोवळ्या वयातलं प्रेम बरंचसं बोलण्यातच जातं, कारण त्या बोलण्यातून मुलं स्वतः कोण आहोत हेच शोधत असतात. तू तिला कांद्याच्या चाळीबद्दल लिहिलंस, बाबांचा राग लिहिलास, गावच्या नदीत पोहणं लिहिलंस. त्यातलं किती तू आधी स्वतःशी तरी बोलला होतास? नाशिकमध्ये तुझा जो काही थोडा आत्मविश्वास घडलाय तो त्या गप्पांतच घडलाय, आणि पुढचाही माणसांतच घडेल.

बुडवलेल्या तोंडी परीक्षेचं काम या आठवड्यात मार्गी लाव. ज्या एका शिक्षकांशी तुला त्यातल्या त्यात कमी भीती वाटते त्यांना ईमेल कर, कारण खरं लिही आणि पुन्हा संधी मिळेल का ते विचार. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर तुझी बाजू भक्कम होईल, म्हणूनही भेट लांबवू नकोस. आणि रुग्णालयात गेल्यावर समोरच्या खुर्चीत बसून शब्दच फुटले नाहीत, तर मला लिहिलेल्या पत्राची प्रत खिशात ठेव आणि ती सरळ डॉक्टरांच्या हातात दे.

तुझी,
ताई